उभ्या गाडीची बॅटरी, मृगापासून दसऱ्यापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात कसबा बावड्यात आमच्या शेडमध्ये १९६९ सालची फियाट अकराशे आहे. वडिलांची. मृगाचा पाऊस लागला की ती आत जाते आणि खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर येते. दसऱ्याला दसरा चौकात सोने लुटायला राजघराण्याची मेबॅक मोटार येते. ती बघून वडिलांना, म्हणजे आबांना, आपलीही गाडी काढायची हुक्की यायची, आणि ती प्रथा घरात राहिली. मधले चार महिने गाडी जागची हलत नाही.

गाडी माझ्याकडे आल्यावर पहिल्या सहा वर्षांत मी चार बॅटऱ्या बदलल्या. सध्याची बॅटरी सहावा पावसाळा काढते आहे. गाडी तीच, शेड तेच. आधी मी बॅटरी गाडीत ठेवून विसरायचो. आता फुल चार्ज करून, वायरी सोडवून ठेवतो आणि महिन्यातून एकदा तिची विचारपूस करतो. एवढाच फरक. मुले पुण्या-मुंबईला आणि वडिलांची अँबेसेडर किंवा पद्मिनी मागे कोल्हापुरात, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ. त्या घरांतून मला जे प्रश्न येतात ते इथे एकत्र लिहिले आहेत.

गाडी वापरलीच नाही, तर बॅटरी खराब होतेच कशी?

वापरली नाही म्हणूनच होते. वायरी सोडवून बाजूला ठेवलेली लेड-ॲसिड बॅटरीसुद्धा आतल्या आत थोडी थोडी उतरत राहते. उतरताना तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसतो. हा थर ताजा असताना मऊ असतो, चार्जिंगला लावला की परत विरघळतो. तसाच आठवडे-महिने राहिला की त्याचे खडे मोठे आणि टणक होतात. काकवीची बाटली वर्षभर फडताळात राहिली की तळाशी खडे धरतात, मग कितीही हलवा, विरघळत नाहीत. तसेच. जेवढी प्लेट त्या खड्यांखाली गेली तेवढी बॅटरी कायमची गेली.

यात उन्हाचा मोठा हात असतो. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की आपोआप उतरण्याचा वेग जवळजवळ दुप्पट होतो. थंड देशांतले लोक हिवाळ्यात बॅटरी गोठू नये म्हणून धडपडतात, तो त्रास आपल्याला नाही. आपला शत्रू म्हणजे एप्रिल-मे महिन्यातला पत्र्याचा शेड. दुपारी दोनला आत जाऊन बोनेटवर हात ठेवून बघा. गाडी जूनमध्ये आत जाणार असली तरी बॅटरीची निम्मी वाट मेमध्येच लागलेली असते.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी मला हे एका वाक्यात सांगितले होते. "साहेब, बॅटरी म्हंजे म्हस हाय. दूध काढा न्हाईतर नका काढू, वैरण टाकायलाच लागतीया."

किती दिवस उभी राहिली तर चालते?

वायरी जोडलेल्या असतील तर दोन-तीन आठवडे. वायरी सोडवलेल्या आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर दोन-तीन महिने निभावते. तरी महिन्याला एकदा मीटर लावाच.

हिशोब सोपा आहे. गाडीत नंतर बसवलेला टेप, घड्याळ, अलार्म असे काही असेल आणि ते मिळून ५० मिलिअँपिअर खात असतील, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर (बॅटरीतल्या साठ्याचे माप) जातात. ४० अँपिअर-अवरची बॅटरी सतरा दिवसांत निम्मी. ५० मिलिअँपिअर म्हणजे काही फार नाही, आजच्या गाड्यांत तेवढे सहज जाते. पण आजची गाडी रोज चालते.

मी दर रविवारी पाच मिनिटे गाडी चालू करून ठेवतो. तेवढे पुरे ना?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचे उत्तर ऐकून लोक सगळ्यात जास्त नाराज होतात. पुरे नाही. बॅटरीच्या दृष्टीने ते न केलेलेच बरे.

जुन्या गाडीत बॅटरी भरायला इंजिनवर फिरणारा डायनॅमो असतो. इंजिन संथ चालू असताना डायनॅमो काहीही देत नाही. म्हणूनच गाडी उभी असताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो. आता रविवारचा जमाखर्च मांडू. सेल्फ मारला की दीडशे अँपिअरच्या आसपास खेच बसते. चार सेकंद धरले तर ०.१७ अँपिअर-अवर गेले. पुढे पाच मिनिटे इग्निशन कॉइल तीन-चार अँपिअर घेत बसते, म्हणजे आणखी ०.३. डायनॅमोकडून जमा शून्य. दर रविवारी अर्धा अँपिअर-अवर खर्च. मृगापासून दसऱ्यापर्यंत सोळा-सतरा रविवार येतात. आठ अँपिअर-अवर तुम्ही स्वतःच्या हाताने काढून घेतले, वर बॅटरी आपणहून उतरली ते वेगळेच. आणि आठवडाभर उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडालेले असते, त्यामुळे एका सेल्फवर ती चालू होतच नाही. चार वेळा मारावा लागतो.

बॅटरी सोडा, इंजिनाचेही नुकसानच. गार इंजिनात जळताना तयार झालेले पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये उतरते. पाच मिनिटांत ते वाफ होऊन जाण्याइतके काही तापत नाही. चोक ओढलेला असतो, जास्तीचे पेट्रोल सिलिंडरवरचे ऑइल धुऊन नेते.

चालवायचीच हौस असेल तर उघडीप बघून गाडी बाहेर काढा आणि जोतिबाला जाऊन या. चढ आहे, इंजिन तापते, डायनॅमो भरपूर फिरतो. पण एक लक्षात घ्या. अर्धी उतरलेली बॅटरी तासाभराच्या फेरीत पूर्ण भरत नाही. शेवटचा वीस टक्के भाग बॅटरी फार सावकाश घेते, तिथे कित्येक तास जातात. ते काम चार्जरचेच.

आबा मात्र दर रविवारी चालू करायचेच. शेजारच्या अण्णांना आवाज गेला पाहिजे, हे त्यामागचे खरे कारण होते. त्या कारणावर माझ्याकडे उत्तर नाही.

वायरी काढायच्या तर आधी कोणती?

बॉडीला जोडलेली. बहुतेक गाड्यांत ती निगेटिव्ह असते, काळी किंवा विणलेल्या तारेची पट्टी. ती आधी काढायची, मग पॉझिटिव्ह. जोडताना उलट: पॉझिटिव्ह आधी, बॉडीची शेवटी.

कारण असे. बॉडीची वायर जोडलेली असताना तुम्ही पॉझिटिव्हच्या नटाला पाना लावलात आणि पान्याचे दुसरे टोक बोनेटच्या पत्र्याला टेकले, की शॉर्ट. पाना जागच्या जागी चिकटतो, लाल होतो. हातात अंगठी किंवा कडे असेल तर ते काढून ठेवा. माझ्या उजव्या मनगटावर स्टीलच्या घड्याळाच्या पट्ट्याचा एक तिरका पांढरा डाग आहे. तो कसा पडला हे विचारणाऱ्याला मी आधी पानाच हातात देतो.

दर वेळी पाना नको असेल तर बॅटरीवर बसणारा पितळी कट-ऑफ स्विच मिळतो, तो बॉडीच्या बाजूला बसवा. दोन फेरे सैल केले की वायर सुटली. त्याची घुंडी खिशात घालून घरी नेली तर गाडी कुणी चालूही करू शकत नाही.

आमच्या गाडीत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेले दिसते. कुणी चूक केली आहे का?

आधी घाईने बदलू नका. जुन्या इंग्रजी गाड्या, म्हणजे मॉरिस, ऑस्टिन वगैरे, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत पॉझिटिव्ह अर्थच्या असायच्या. अँबेसेडरचे घराणे मॉरिस ऑक्सफर्डचे, तेव्हा अगदी सुरुवातीचे मॉडेल असेल तर डोळ्यांनी बघूनच ठरवा. अशा गाडीत आधी काढायची ती बॉडीची पॉझिटिव्ह वायर. नियम बॉडीचा आहे, रंगाचा नाही.

बॅटरी उलटी जोडली गेली तर डायनॅमोवाली गाडी एखादे वेळी निभावून नेईल. डायनॅमोच्या जागी नव्या गाड्यांसारखा अल्टरनेटर बसवून घेतला असेल तर त्याचे डायोड त्या क्षणी जातात. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, एवढी साधी गोष्ट आहे.

जाता जाता: जुन्या विलीज जीप आणि जुन्या बीटल ६ व्होल्टच्या होत्या. त्यांना १२ व्होल्टचा चार्जर लावला तर बॅटरी उकळते.

बॅटरी किती भरलेली आहे हे घरी कसे कळणार?

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. चार्जिंग काढल्यावर लगेच मोजू नका, त्या वेळी आकडा फुगलेला असतो. रात्रभर तशीच ठेवा, सकाळी मोजा.

पुस्तकी आकडे असे: १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे पाव. त्याच्या खाली म्हणजे संपली, जरी दिवे लागत असले तरी. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवते म्हणून खूश होणारे मला दरवर्षी भेटतात.

पण या आकड्यांत एक गोम आहे, ती कुणी सांगत नाही. उष्ण हवेसाठीच्या बॅटरीत ॲसिड थोडे सौम्य भरतात, म्हणजे प्लेटा टिकतात. आपल्याकडे पूर्ण भरलेल्या बॅटरीची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिड पाण्याच्या किती पट जड ते, १.२४०-१.२५० असू शकते, आणि अशी बॅटरी फुल असतानाही मीटरवर साडेबाराच दाखवते. तेव्हा पुस्तकातला आकडा घेऊन भांडत बसण्यापेक्षा तुमची बॅटरी एकदा नीट भरा, रात्रभर ठेवा, सकाळचा आकडा आणि तारीख चिकटपट्टीवर लिहून बॅटरीला लावा. त्याच्या खाली दीड-दोन दशांश उतरली की चार्जिंगला लावायची. माझ्या बॅटरीवर अशा पाच पट्ट्या एकाखाली एक आहेत. सगळ्यात वरची १२.५८, परवाची १२.५१. म्हातारपण कसे येते ते तिथे वाचता येते.

नुसत्या व्होल्टेजवर पूर्ण विसंबू नका. साडेबारा दाखवणारी बॅटरी सेल्फ मारल्याबरोबर साडेनऊच्या खाली गेली तर ती आतून संपली आहे.

ग्रॅव्हिटी बघणे म्हणजे काय, आणि ते अजून करायला हवे का?

बुचांची बॅटरी असेल तर हवे. हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधले ॲसिड ओढून आतली नळी कुठवर तरंगते ते बघायचे. मीटर सहा सेलची बेरीज सांगतो, हायड्रोमीटर एकेकाची कुंडली सांगतो. सहाही सेल सारखे उतरलेले असले तर नुसते चार्जिंग हवे आहे. पाच सेल १.२४० आणि एक १.१८० असेल, तर तो एक सेल बाकीच्यांना घेऊन बुडणार. चार्ज करून परत बघा, फरक तसाच राहिला तर नव्या बॅटरीची तयारी ठेवा.

ओढलेले ॲसिड ज्या सेलचे त्याच सेलमध्ये परत सोडायचे. थेंब पँटवर पडला तर तेव्हा काहीच दिसत नाही. दोन दिवसांनी धुण्यातून पँट निघते ती चाळणी होऊन.

चार्जर कोणता घ्यावा? कायम लावून ठेवला तर चालतो का?

दोन जाती आहेत. जुना ट्रान्सफॉर्मरचा चार्जर, लोखंडी डबा आणि वर काट्याचा मीटर. तो दणकट असतो, पण त्याला थांबणे माहीत नसते. बॅटरी भरली तरी तो ढकलत राहतो, पाणी उकळून जाते, प्लेटा उघड्या पडतात. तो लावायचा तर समोर कुणीतरी हवे. दुसरा आपोआप सांभाळणारा: साडेचौदा व्होल्टच्या आसपास भरून घेतो, मग १३.२ ते १३.६ वर येऊन नुसता आधार देत राहतो. चार महिने लावून ठेवायचा असेल तर फक्त हाच. बॅटरी हवाबंद एजीएम प्रकारची असेल तर चार्जरवर तसा पर्याय आहे का बघा.

किती अँपिअरने भरायची? क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने. ४० अँपिअर-अवरला ४ अँपिअर. निम्मी उतरलेली असेल तर सहा-सात तास आणि वर शेपटाचे दोन-तीन तास, म्हणजे रात्रभर. दुकानात चार्जिंगला दिलीत तर एक तासात आणून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे जा. दहा-पंधरा अँपिअरने हाणलेली लहान बॅटरी गरम होते, आणि गरम बॅटरीच्या प्लेटा वाकतात.

आता "घरच्या इन्व्हर्टरला जोडली तर?" हेही लोक विचारतात. नको. इन्व्हर्टर दीडशे अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीच्या हिशोबाने दहा-पंधरा अँपिअर सोडतो. वर लाइट गेली की तुमच्या फियाटच्या बॅटरीवर घरातले तीन पंखे चालणार. गाडीची बॅटरी एका दणक्यात भरपूर करंट द्यायला बनवलेली असते, तासन्तास हळूहळू रिकामी व्हायला नाही.

शेडमध्ये लाइटच नाही अशी जागा असेल, मळ्यात वगैरे, तर दहा वॉटचे छोटे सोलर पॅनेल उत्तम काम करते. मात्र मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. उघड्या पॅनेलचे व्होल्टेज वीसच्या वर जाते. आणि आषाढ-श्रावणात गगनबावड्याच्या बाजूला सूर्य किती दिवस दिसतो ते तुम्हाला माहीत आहे, तिकडे सोलरच्या भरवशावर राहू नका.

पाणी कोणते घालायचे?

डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीचे म्हणून कॅन मिळतो ते. नळाचे नाही, बोअरचे तर अजिबात नाही. आरओचेही नको, त्यात क्षार उरलेले असतात. आणि ॲसिड कधीच घालायचे नाही. उडते ते पाणी, ॲसिड आतच असते.

प्लेटांच्या वर एक सेंटिमीटर पाणी राहील इतके पुरे. पूर्ण भर घालायची ती चार्जिंग झाल्यावर, आधी नाही. चार्ज होताना पातळी वर येते आणि बुचांतून ॲसिड बाहेर उतू जाते. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या बुडतील इतकेच आधी घाला.

बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते म्हणतात, खरे आहे का?

एके काळी खरे होते. बॅटरीचे डबे लाकडाचे, डांबराचे, कडक रबराचे असत, ओल धरत, त्यातून करंट झिरपत असे. आजचा प्लॅस्टिकचा डबा फरशीवर ठेवा नाहीतर संगमरवरावर, फरक पडत नाही. मी तरीही फळीवर ठेवतो. बावड्यात जुलैमध्ये शहाबादी फरशीला घाम सुटतो, आणि सांडलेले ॲसिड फरशी खाते. आईने त्या डागावर पाटा सरकवून ठेवला आहे, पण मला माहीत आहे तो तिथे आहे.

वरचा भाग मात्र कोरडा हवा. दोन टर्मिनलच्या मध्ये ओलसर धूळ आणि ॲसिडचा चिकटा बसला की त्यावरून खरोखर करंट वाहतो. मीटरचे एक टोक निगेटिव्हला आणि दुसरे नुसते डब्याच्या वरच्या प्लॅस्टिकवर टेकवून बघा. आकडा दिसला तर फडके घ्या.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी येते, तिचे काय करायचे?

गरम पाण्यात खाण्याचा सोडा, जुना टूथब्रश. फसफसणे थांबेपर्यंत घासा. बुचे घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत गेला तर ॲसिडच मारून टाकेल. कोरडे करून वायर आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली फासा. जेली आधी लावून मग वायर बसवणारेही आहेत. मला दोन्हींत फरक दिसलेला नाही.

घरात ठेवली तर धोका आहे का?

नुसती ठेवली तर फारसा नाही. चार्ज होताना आहे. त्या वेळी हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो चार टक्के झाला की ठिणगी पुरते. त्यामुळे खिडकी उघडी, बुचे हवा जाईल इतकी मोकळी, आणि चार्जरचे चिमटे लावताना-काढताना आधी भिंतीवरचे बटण बंद.

आपल्याकडे एक खास धोका आहे जो कुठल्या चार्जरच्या पुस्तिकेत लिहिलेला नसतो. अमावास्येला गाडीची पूजा. उदबत्ती, कापूर, निरांजन, आणि बोनेट उघडे ठेवून आत बॅटरी चार्जिंगला. पूजा आधी, चार्जिंग नंतर. एरवी अमावास्या ही फार सोयीची आठवण आहे. नारळ फोडता त्याच दिवशी मीटर लावा, पट्टीवर आकडा लिहा. वर्षात बारा वेळा तपासणी आपोआप होते.

ॲसिड डोळ्यात उडाले तर चोळू नका. पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि सरळ डॉक्टरकडे जा.

वायर काढली नाही तर दोन दिवसांत बॅटरी बसते. करंट खातेय कोण?

शोधणे मजेचे आहे, संध्याकाळ चांगली जाते. बॉडीची वायर काढा आणि टर्मिनल व वायर यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर ठेवून जोडा. आधी दहा अँपिअरच्या भोकात, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. किल्ली बंद, दारे बंद, डिकी बंद. आकडा दिसला की एकेक फ्यूज काढत जा. कुठल्या फ्यूजला आकडा पडला ते बघा. डिकीचा दिवा, घड्याळ, नंतर कुणीतरी सरळ बॅटरीवरून जोडलेला टेप, हे नेहमीचे संशयित.

जुन्या गाडीत आणखी एक आहे, आणि तो फ्यूजमध्ये सापडत नाही. डायनॅमोचा कटआउट. इंजिन चालू असताना त्याचे पॉइंट जुळतात आणि डायनॅमो बॅटरीला जोडला जातो. इंजिन बंद झाले की ते सुटायला हवेत. पॉइंट जळून चिकटले तर बॅटरीच डायनॅमोला फिरवायला बघते. पट्टा असल्याने तो फिरत नाही, नुसता तापतो. आमच्या फियाटला हे झाले होते. दोन इलेक्ट्रिशियनांनी वायरिंगच बदलायला सांगितले. शेवटी रात्री दहाला शेड बंद करताना मी सहज डायनॅमोवर हात ठेवला. गाडी सकाळपासून बंद होती आणि डायनॅमो चहाच्या कपाइतका गरम होता. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ केले, काम झाले.

पुराच्या दिवसांत काय करावे?

२०१९ आणि २०२१ ज्यांनी बघितले त्यांना समजावून सांगायला नको. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. मी ३९ ची बातमी आली की बॅटरी माळ्यावर नेतो. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली या बाजूला शेड असेल तर त्याही आधी. बॅटरी पंधरा किलोच्या आसपास असते, धावपळीच्या रात्री ती काढायला सुचत नाही.

बॅटरी बुडालीच तर ती पुसून परत जोडू नका. बुचांवाटे गाळाचे पाणी आत गेले असेल तर ती संपली. आणि बुडालेल्या गाडीला बॅटरी जोडून "बघू चालू होते का" हा प्रयोग तर मुळीच नको, ओल्या वायरिंगमधून धूर निघतो. आधी स्टार्टर, डायनॅमो, फ्यूजचा डबा सोडवून सुकवायचा.

पूर्ण मेलेली बॅटरी परत जिवंत होते का?

महिनाभर मेली असेल तर कधी कधी. एक-दोन अँपिअरने दोन दिवस लावा, आपोआप चालणारा चार्जर अशा बॅटरीला ओळखतच नाही, जुना काट्याचा लागतो. वर्षभर मेली असेल तर सोडून द्या.

"रिकव्हर करून देतो" म्हणून एका दुकानाने माझ्याकडून एकदा पैसे घेतले होते. आत कसलीशी पांढरी पूड घातली, बॅटरी दोन दिवसांनी झकास सेल्फ मारू लागली, आणि तिसऱ्या आठवड्यात रंकाळ्याच्या कट्ट्यावर भर गर्दीत बसली. त्या दिवशी धक्का मारायला आलेल्या पोरांना भेळ द्यावी लागली, तो खर्च वेगळा.

मेंटेनन्स फ्री बॅटरीला हे सगळे लागते का?

पाणी लागत नाही, चार्जिंग लागते. ती थोडी सावकाश उतरते, इतकेच. वरची हिरवी खिडकी एकाच सेलचे सांगते, बाकीच्या पाचांबद्दल ती गप्प असते.

बॅटरी उतरलीच तर धक्का मारावा की हँडल?

डायनॅमोवाली गाडी धक्क्यावर चालू होते, कॉइलपुरता जीव बॅटरीत असेल तर. अल्टरनेटर असेल आणि बॅटरी ठार असेल तर ढकलून फक्त घाम येतो. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही, आणि हँडल खालून वर ओढायचे. इंजिनने उलटा हिसका दिला तर हात आपणहून सुटला पाहिजे.

जुनी बॅटरी कुठे द्यायची?

नवी घेताना त्याच दुकानात, वजनावर पैसे वळते होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. भंगारवाल्याला दिली तर तो ॲसिड गटारात ओततो. ते गटार पंचगंगेला जाते.

खंडेनवमीला गाडी बाहेर काढताना क्रम कसा?

आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला, सकाळी मीटर, मग गाडीत बसवायची. बॉडीची वायर शेवटी. किल्ली लगेच फिरवू नका. चार महिन्यांत कार्ब्युरेटर कोरडा पडलेला असतो, तो भरेपर्यंत सेल्फ मारत बसलात तर सगळी मेहनत पाच मिनिटांत पाण्यात. पेट्रोल पंपाला हाताची कळ असेल तर वीस-पंचवीस वेळा दाबा, नसेल तर कार्ब्युरेटरमध्ये चमचाभर पेट्रोल सोडा. स्पार्क प्लग काढून दोनदा दहा-दहा सेकंद सेल्फ मारला तर ऑइल वर चढते आणि बॅटरीवर ताणही येत नाही. मग प्लग बसवा. एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही, मध्ये एक मिनिट विश्रांती.

चालू झाली की ॲक्सिलरेटर थोडा दाबून लाल दिव्याकडे बघा. तो विझायला हवा. विझला तर झेंडूची माळ घाला. नाही विझला तर आधी डायनॅमोचा पट्टा बघा, चार महिन्यांत तो सैल पडतो किंवा उंदराने खाल्लेला असतो. गेल्या वर्षी आमचा उंदरानेच खाल्ला होता, आणि पूजा शेडमध्येच झाली.